उपकार कशाबद्दल मानायचे?

आमच्या घरी दूध उतू गेले की आई आधी गॅस बंद करते, मग फडके घेते आणि ओटा पुसता पुसता म्हणते, "देवा, तुझे उपकार! अर्धे तरी उरले." लाईट गेली तर उपकार, पंखा जळला नाही. वडिलांची छत्री आठवडेबाजारात राहिली तर उपकार, डोके घेऊन घरी आले. हे शेवटचे ती थट्टेने म्हणते की मनापासून, ते मला अजून समजलेले नाही. वडिलांनाही समजलेले नसावे. ते काही न बोलता पेपरात तोंड घालतात.

लहानपणी मला याची गंमत वाटे. हायस्कुलात गेल्यावर लाज वाटू लागली. मैत्रीण घरी आलेली असताना भाकरी करपली आणि आईने तव्यासमोर डोळे मिटले, म्हणजे मी विषय बदलत असे. आणि गेल्या वर्षी मला याच सवयीचा असा संताप आला की पंधरा दिवस मी आईशी धड बोलले नाही. त्याबद्दलच लिहायचे आहे. वार्षिक अंकात खरे म्हणजे निसर्गवर्णन किंवा सहलीचा वृत्तांत द्यावा. पण डोक्यात दुसरे काही नसताना कोकणच्या सहलीवर लिहिणे मला जमले नाही.

आधी शब्दाचा उलगडा करते, कारण वाचकांपैकी बरेचजण ख्रिस्ती नाहीत. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, 'उपकारस्तुती' हा रोजचा शब्द आहे. जेवणाआधी उपकारस्तुती, परीक्षेचा निकाल लागला की उपकारस्तुती, सुगीनंतर सबंध गावाची उपकारस्तुती. अमेरिकन मिशनची माणसे १८३१ साली आमच्या नगरला आली (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण गाडीत चढताना आम्ही अजून नगरचेच तिकीट मागतो). त्या जुन्या मंडळींपासून चालत आलेल्या भाषेत हा शब्द पक्का बसला आहे. गंमत अशी की बाहेरच्या मराठीत 'उपकार' शब्दाला एक टोचणारी बाजू आहे. "मोठे उपकार केलेस!" असे कोणी म्हणाले तर ते आभार नसतात. मला वाटते, देवालाही कधी कधी आमचे उपकार तसेच ऐकू येत असतील.

आता गेल्या वर्षीची हकीकत. पुण्यात एका संस्थेकडून खेड्यातल्या मुलींना राहण्याची सोय आणि अर्धवेळ काम मिळणार होते. तृतीय वर्ष पुण्यात करावे, तिथल्या ग्रंथालयांत बसावे, पुढे एम.ए. करावे, असा माझा बेत होता. वडिलांनी मोठ्या कष्टाने होकार दिला होता. मुलाखत अकराला. पहाटे साडेपाचला घर सोडले, नगरहून साडेसहाची गाडी धरली. शिरूर मागे पडले आणि आठ-सव्वाआठच्या सुमाराला गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली ती राहिलीच. मागून येणाऱ्या गाड्या भरलेल्या. कंडक्टर प्रत्येक गाडीला हात करी, दोघांना-तिघांना चढवी. म्हातारी माणसे आणि लेकुरवाळ्या बाया आधी. ते योग्यच होते, पण मी हातातल्या घड्याळाकडे बघत होते आणि मला ते मुळीच योग्य वाटत नव्हते. दहाला मला गाडी मिळाली. वाघोलीपाशी वाहनांची रांग. साडेबाराला मी त्या कार्यालयात पोहोचले तेव्हा तिथला मनुष्य टेबल आवरत होता. त्याने माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. "यादी वर गेली," एवढेच म्हणाला.

जिन्यात उभी राहून मी आईला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "जाऊ दे बाळा, उपकार मान. त्याच्या मनात काहीतरी असेल." मी फोन बंद केला.

आता मी याच महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे, रोज दोन तास गाडीत काढते. कोणी म्हणेल, "बघ, म्हणूनच तर आमच्यात राहिलीस!" हे ऐकायला मला आवडते आणि इथल्या सरांचे व मॅडमचे शिकवणे मला मोलाचे आहे. पण ते उत्तर नव्हे. ती जागा गेली ती गेली. तिच्याऐवजी अधिक चांगले असे काही चालून आलेले नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण उपकारस्तुतीच्या गोष्टी नेहमी या ठिकाणी वळण घेतात. नोकरी हुकली, दुसरी मोठी मिळाली. लग्न मोडले, त्याहून चांगले स्थळ आले. गाडी चुकली आणि तीच गाडी पुढे उलटली.

या शेवटच्या गोष्टीवर मला थोडे थांबायचे आहे. दोनेक वर्षांपूर्वी आमच्या आळीतल्या एका घरी संध्याकाळची प्रार्थना होती. एका गृहस्थाने उठून साक्ष दिली. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांसमोर सांगणे. बाजाराहून परतताना त्यांना एक पिशवी सापडेना, ती शोधण्यात वडापची जीप निघून गेली, म्हणून ते चिडले. आणि तीच जीप वळणावर उलटली. त्यांचा आवाज भरून आला होता आणि खोटे असे त्यात काही नव्हते. सगळे "आमेन" म्हणाले. मी सहज मागे पाहिले. दाराशी एक ताई बसल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ त्या जीपमध्ये होता. तो गेला. ताईंनी आमेन म्हटले नाही, पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि चहा न घेता उठून गेल्या.

त्या दिवसापासून अशी साक्ष ऐकली की मला दाराकडे पाहण्याची सवय लागली आहे. पिशवी हरवली हा जर देवाचा बेत होता, तर ज्याची पिशवी हरवली नाही त्याच्याबद्दल काय समजायचे? आपल्या वाचण्याचे उपकार मानू नयेत असे मी म्हणत नाही. जीव वाचलेला माणूस दुसरे काय करणार? पण त्या घटनेतून देवाचे वेळापत्रक वाचून दाखवणे हा वेगळा प्रकार आहे. त्यात आभार कमी आणि हिशेब जास्त असतो.

मग आईच्या त्या बोलण्याचे करायचे काय? रागाच्या पंधरवड्यात मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेले आणि विचारले की पवित्र शास्त्रात खरोखर असे सांगितले आहे काय, की सर्व वाईटाबद्दलही आभार माना? त्यांनी पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र काढले. पाचव्या अध्यायात, अठराव्या वचनात, पौल आभार मानायला सांगतो; पण मूळ ग्रीकमध्ये तिथे 'मध्ये' अशा अर्थाचा शब्द आहे. प्रत्येक गोष्टीत, प्रत्येक स्थितीत राहून आभार माना. प्रत्येक गोष्टीबद्दल असे तिथे म्हटलेले नाही. माझे समाधान झाले. मी उठणार, तोच ते म्हणाले, "बस. अर्धेच सांगून पाठवले तर तू वाद जिंकशील, शास्त्र शिकणार नाहीस." आणि त्यांनी इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय उघडला. तिथे विसाव्या वचनात 'सर्वांबद्दल' असाच शब्द आहे! मी विचारले, मग यातले कोणते खरे? ते म्हणाले, दोन्ही. आणि या दोहोंच्या मध्ये माणसाला अनेक वर्षे राहावे लागते. मला हे उत्तर त्या वेळी पळवाटेसारखे वाटले. अजूनही थोडे वाटते. पण त्यांनी दुसरे वचन माझ्यापासून लपवले नाही, याबद्दल मात्र माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

पौलाचे नाव निघालेच आहे तर प्रेषितांच्या कृत्यांतला सोळावा अध्याय माझ्या मित्रमैत्रिणींनी, ख्रिस्ती असोत वा नसोत, एकदा प्रवासवर्णन म्हणून वाचावा. बेत फसण्याचा तो नमुनाच आहे. पौलाला आशिया प्रांतात जायचे होते, तिथे अडवणूक झाली. बिथुनियाकडे वळायचे होते, तेही जमले नाही. शेवटी समुद्रकाठच्या त्रोवसला येऊन पोहोचला आणि तिथून फिलिप्पैला गेला. त्या गावात त्याला आणि सीलाला भर चौकात फटके मारले, तुरुंगात टाकले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे देवाची स्तुतिगीते गात होते.

इथवरची गोष्ट आम्हांला रविवारच्या शाळेत पाठ असते. पुढची फारशी सांगत नाहीत. सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना. आणि रात्रभर गाणारा हा पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हांला उघडपणे मारले, आता चोरून घालवता काय? त्यांना स्वतः येऊन आम्हांला बाहेर न्यायला सांगा. त्यांना यावे लागले. तेव्हा जे लोक म्हणतात की ख्रिस्ती कृतज्ञता म्हणजे मुकाट्याने सोसणे, त्यांनी हा अध्याय शेवटपर्यंत वाचलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. गाणे आणि हक्क मागणे ही दोन्ही कामे त्याच तोंडाने झाली. मोलमजुरी करणाऱ्या बाईला कमी मजुरी द्यायची आणि वर "मिळाले त्यात समाधान मान" असा उपदेश करायचा, याला धर्माचा आधार शोधणाऱ्यांची मला चीड आहे. असे लोक सर्व धर्मांत आहेत. आमच्यात नाहीत असे समजू नये.

फसलेल्या बेतांविषयी बोलताना पंडिता रमाबाईंचे उदाहरण नेहमी दिले जाते. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तामुळे त्यांना शारदासदनात दुष्काळपीडित मुली ठेवणे अशक्य झाले. केडगावला (नगरजवळचे नव्हे, दौंडकडचे) त्यांनी जमीन घेतली होती ती फळबागेसाठी. मुलींना तिथे न्यावे लागले आणि त्यातून मुक्तिसदन उभे राहिले. गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण हीसुद्धा 'त्यातून चांगलेच झाले' या जातीची गोष्ट आहे. मला त्यांच्या आयुष्याची शेवटची दोन वर्षे अधिक बोलकी वाटतात. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई, आईच्या कामात सर्वस्वी गुंतलेली, पुढे तीच मुक्तीचा भार वाहणार असे धरून चाललेले. ती १९२१ च्या जुलैत वारली. रमाबाई स्वतः एप्रिल १९२२ मध्ये गेल्या. मधले आठ-नऊ महिने त्या बायबलच्या आपल्या सोप्या मराठी भाषांतराच्या कामातच होत्या आणि ते त्यांनी पुरे केले. मनोरमाबाईंच्या मृत्यूतून अमुक एक चांगले निघाले असे मला कोठेही दाखवता येत नाही. दाखवायचा प्रयत्न करणेही मला असभ्यपणाचे वाटते. तरीही त्या आईची श्रद्धा तुटली नाही. तिच्या उपकारस्तुतीचे स्वरूप काय असेल याचा विचार मी बरेच दिवस केला.

उत्तराच्या जवळपास मी आले ती प्रभुभोजनाच्या विधीत. दर महिन्याला पाहते, पण कधी लक्ष दिले नव्हते. या विधीला पुष्कळ ठिकाणी 'युखरिस्त' म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी आभार मानणे असा आहे. पौल लिहितो की ज्या रात्री येशूला धरून दिले त्याच रात्री त्याने भाकर घेतली, आभार मानले आणि मोडली. ती रात्र कसली होती ते पाहा. पैसे घेऊन बसलेला शिष्य त्याच पंक्तीला, दुसरा काही तासांत ओळखही नाकारणार, बाकीचे पळणार. अशा वेळी त्याने आभार मानले ते कशाचे? विश्वासघाताचे नव्हेत. हातातल्या भाकरीचे. आणि जेवणानंतर गेथशेमाने बागेत गेल्यावर त्याने बापाला विनवले की शक्य असेल तर हा प्याला माझ्यापासून दूर कर. एकाच रात्री, एकाच तोंडून, दोन्ही गोष्टी. "जे होते ते बऱ्यासाठीच" असे तो शिष्यांना म्हणाला नाही.

हे लक्षात आले आणि मला एकदम शिरूरच्या पुढचा तो रस्ता आठवला. ही गोष्ट मी आतापर्यंत गाळली होती. बंद पडलेल्या गाडीच्या सावलीत माझ्याशेजारी एक मावशी बसली होती. कुठल्याशा गावी लेकीकडे चाललेली. तिने फडके सोडले. दीड भाकरी आणि लसणाची चटणी होती. अर्धी भाकरी मोडून तिने माझ्यापुढे धरली. "खा गं पोरी, पहाटची निघाली असशील." मी म्हणाले, "नको." नुसते 'नको' नव्हे, घड्याळाकडे पाहत, तिच्याकडे न पाहता. तिने दोनदा विचारले. मग ती अर्धी भाकरी तिने पुन्हा फडक्यात ठेवली. मला तिच्यावर राग नव्हता, जगावर होता. पण समोर तीच होती.

आणि तो कंडक्टर! दीड तास उन्हात उभा राहून त्याने एकेक माणूस मार्गी लावला. मला गाडीत चढवताना माझी फाईल खाली पडली ती त्यानेच उचलून दिली. मी त्यालाही काही बोलले नाही. गाडी बंद पडल्याबद्दल आभार मानायला मी आजही तयार नाही. परंतु त्या बंद गाडीपाशी माझ्या वाट्याला जे आले होते ते मी घेतलेच नाही, आणि पुण्यातल्या जिन्यात उभी राहून मी देवाला विचारत होते की माझ्यासाठी काय केलेस!

लूकच्या शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांना आम्ही फार सहज नावे ठेवतो. दहा बरे झाले, एकच आभार मानायला परत आला, तोही परका, शमरोनी. पण उरलेल्या नऊजणांचा विचार करा. याजकांकडे जाऊन दाखवा, असे त्यांना सांगितलेले होते. ते तिकडेच चालले होते. त्यांना वेळेवर पोहोचायचे होते. चांगली, आज्ञाधारक, कामाची माणसे! फक्त वाटेत थांबून मागे वळणे त्यांच्या बेतात बसले नाही. मी त्या नवांतली आहे. आमच्या वर्गातही आम्ही पुष्कळजण असू.

माझी एक मैत्रीण म्हणते, यात देवाला कशाला आणायचे? हल्ली कृतज्ञतेच्या छापील वह्या मिळतात. रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, मन प्रसन्न राहते. तिला त्याचा उपयोग होतो हे मी पाहिले आहे, म्हणून मी हसणार नाही. मात्र मला वहीचे आभार मानता येत नाहीत. माझी भाकरी कोणीतरी मोडून दिलेली असते. त्या मावशीचे नाव मला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तिला पत्र लिहिता येत नाही. अशा वेळी ज्याला तिचे नाव ठाऊक आहे त्याच्याकडे बोलावे लागते. माझ्या श्रद्धेची व्यवहारातली व्याख्या विचारली तर सध्या तरी एवढीच देता येईल. परीक्षेत याला फारसे गुण मिळणार नाहीत.

आईशी बोलणे मी सुरू केले ते क्षमा मागून नव्हे, भांडून. तिला म्हटले, "जागा गेल्याबद्दल मी उपकार मानणार नाही." ती म्हणाली, "मी कुठे म्हटलं जागा गेल्याबद्दल मान? फोन वाजेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू बोललीस, म्हणून म्हटलं." मग ती भाजी निवडू लागली. 'त्याच्या मनात काहीतरी असेल' या वाक्याचे काय, हे मी विचारले नाही. तिचेही सगळे बोलणे शास्त्राला धरून असावे असा आग्रह मी का धरू?

यंदा आमच्याकडे बाजरी काढायच्या वेळेला परतीचा पाऊस लागून राहिला. कणसांना उभ्या शेतात मोड आले. वडील दोन दिवस बांधावर जाऊन नुसते उभे राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी पंचनाम्यासाठी अर्ज लिहिला. अक्षर माझे, मजकूर त्यांचा, आणि मजकूर बराच कडक होता. सुगीच्या उपकारस्तुतीला आईने नेहमीच्या पोत्याऐवजी एक पायली बाजरी नेली, नीट पाखडून. वेदीपुढे भोपळे, कांदे, कोंबड्या, शेंगा असे सगळे मांडले होते, पण दर वर्षापेक्षा ढीग लहान होता. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत पिकाची नासाडी झाल्याचे स्पष्ट सांगितले, तक्रारीच्या सुरातच म्हणा ना, आणि मग जे समोर होते त्याचे आभार मानले.

नंतर रिवाजाप्रमाणे लिलाव झाला. ताई आल्या होत्या. जीपच्या अपघातानंतर त्या सुगीला प्रथमच आल्या असाव्यात. त्यांनी एका वाटीत दोन गावरान अंडी आणली होती. त्यांनी ती कशासाठी आणली हे मी विचारलेले नाही. ते विचारण्याइतकी माझी त्यांच्याशी जवळीक नाही. पुकारा झाला तेव्हा मी दहापासून सुरुवात केली, पलीकडून कोणीतरी चढवत गेले, आणि शेवटी पन्नास रुपयांना दोन अंडी मला पडली. वाटी परत द्यायला गेले तर ताई म्हणाल्या, "राहू दे घरी नेईपर्यंत, फुटतील." वाटेत आई म्हणाली, "महाग पडली गं." मग थोडे पुढे गेल्यावर म्हणाली, "पण ताजी आहेत."